जपानमधून खाऊ आणताना

प्रवासाहून परतताना त्या त्या गावचा खाऊ घरच्यांसाठी आणि सहकाऱ्यांसाठी नेण्याची रीत जपानमध्ये इतकी रुळलेली आहे की मोठ्या रेल्वे स्थानकांत, विमानतळांवर आणि डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरांतील खाद्यदालनांत या ‘ओमियागे’ची सजवलेली खोकी रचून ठेवलेली असतात. भारतात न्यायचा खाऊ निवडताना मात्र खोक्याच्या देखणेपणापेक्षा मागची तारीख आणि घटकांची यादी आधी पाहावी.

वेष्टनावर तारखा दोन प्रकारच्या असतात. ‘शोमी किगेन’ म्हणजे त्या दिवसापर्यंत चव उत्तम राहील, तर ‘शोही किगेन’ उलटल्यावर पदार्थ खाऊच नये. इसे येथील आकाफुकू, म्हणजे गोड लाल घेवड्याच्या पुरणाने झाकलेला मऊ मोची (चिकट तांदळाचा गोळा), उन्हाळ्यात दोन आणि हिवाळ्यात तीन दिवसच टिकतो; तो तिथेच बसून खावा. क्योतोच्या यात्सुहाशी या मिठाईचा मऊ प्रकारही लवकर संपवावा लागतो, पण तांदळाचे पीठ, साखर आणि दालचिनी यांचा भाजलेला कडक प्रकार पुष्कळ दिवस राहतो. होक्काइदोचे नामा चॉकलेट, म्हणजे साय घातलेले मऊ चॉकलेट, थंडच ठेवावे लागत असल्याने मुंबईच्या उकाड्यात ते नेण्याचा मोह टाळलेला बरा.

घरात शाकाहारी मंडळी असतील तर खरी दक्षता इथे घ्यावी. ओकिनावाचे चिन्सुको दिसायला आणि खुसखुशीतपणाला थेट नानकटाईसारखे असते, परंतु पारंपरिक कृतीत त्यात डुकराची चरबी पडते. हामामात्सुच्या उनागी पायमध्ये बाम माशाचा अर्क असतो, आणि सेनबेई या तांदळाच्या खाऱ्या कुरकुरीत चकत्यांच्या मसाल्यातही पुष्कळदा माशाचा अंश आढळतो. सोळाव्या शतकात आलेल्या पोर्तुगिजांकडून नागासाकीने घेतलेला कास्तेला केक अंड्यांवरच उभा आहे, तर होक्काइदोच्या ‘शिरोई कोइबितो’ बिस्किटांतही अंडे असते. यादी जपानी लिपीत असल्याने फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून ती वाचावी आणि शंका राहिल्यास विक्रेत्याला विचारावे.

सर्वांना चालेल असे काही हवे असेल तर चहा सर्वांत सोयीचा: क्योतोजवळच्या उजीचा माच्चा (हिरव्या चहाची पूड) किंवा शिझुओकाचा सेन्चा (पानांचा हिरवा चहा). माच्चाचा डबा एकदा उघडला की लवकर संपवावा. माझी स्वतःची पसंती नागानोच्या झेनकोजी मंदिराजवळ मिळणाऱ्या शिचिमीला, कारण मिरची, तीळ, आले, संत्र्याची साल आणि सान्शो ही जपानी मिरी असलेला हा मसाला छोट्या डबीत मावतो आणि आमटीवरही शोभतो.

मद्य न्यायचे असेल, तर भारतात प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत करमुक्त आणता येते. म्हणजे ७२० मिलिलिटरच्या दोन बाटल्या निर्धास्त बसतात. साके, म्हणजे तांदूळ आंबवून केलेले मद्य, साधारण १५ टक्के मद्यार्काचे असते. कोबेजवळचे नादा, क्योतोतील फुशिमी आणि निइगाता ही त्याची नामांकित ठिकाणे असली तरी पाश्चरीकरण न केलेले नामाझाके सतत थंड ठेवावे लागते, म्हणून ते टाळावे. कागोशिमाचे रताळ्याचे शोचू किंवा ओकिनावाचे तांदळाचे आवामोरी ही मद्ये ऊर्ध्वपातित असल्याने प्रवासात अधिक सोशीक ठरतात. बाटल्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेतच ठेवाव्यात, आणि मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा घट्ट लगदा, हाही तिथेच जाऊ द्यावा, कारण विमानतळावरील तपासणीत तो द्रवात धरला जातो.