युगांडात मिशनसेवेसाठी जाताना: तिथे रुळायचे कसे

युगांडात दर शंभर माणसांमागे ऐंशीहून अधिक जण ख्रिस्ती आहेत. महाराष्ट्रात हे प्रमाण जेमतेम एक आहे. मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघातून दोन-तीन महिन्यांच्या सेवेसाठी तिकडे जाण्याचे ठरले असेल, तर सामानाची यादी करण्याआधी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा, कारण तिथे रुळताना येणाऱ्या निम्म्या अडचणी ‘आपण काहीतरी द्यायला चाललो आहोत’ या समजुतीतून निघतात. तुम्ही एका लहान मंडळीतून एका मोठ्या आणि तावूनसुलाखून निघालेल्या मंडळीकडे चालला आहात. 1886 साली राजधानी कंपालाजवळच्या नामुगोंगो येथे राजा म्वांगाच्या आज्ञेवरून तरुण ख्रिस्ती राजसेवकांना जिवंत जाळण्यात आले आणि हुकूमशहा इदी अमीनच्या राजवटीत, 1977 च्या फेब्रुवारीत, आर्चबिशप जनानी लुवुम यांची हत्या झाली. 3 जून आणि 16 फेब्रुवारी या दोन्ही दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ज्या घरात तुम्ही उतराल त्या घरातल्या आजीला हा इतिहास पाठ असण्याची शक्यता आहे, तेव्हा तो आपल्यालाही थोडाफार ठाऊक असावा.

आपण मराठी ख्रिस्ती या बाबतीत थोडे नशीबवान आहोत, कारण पाहुण्या मिशनऱ्यांना सांभाळून घेण्याचा अनुभव आपल्या मंडळ्यांना 1813 पासूनचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक मुंबईत उतरले तेव्हा त्यांना मराठीचा गंधही नव्हता. पुढे ज्यांचे काम टिकले, ते येथील भाषेत बोलू-लिहू लागले म्हणूनच टिकले, आणि तरीही उपासनेला मराठी सूर मिळावा यासाठी नारायण वामन टिळकांना भजन-कीर्तनाचा आग्रह धरावा लागला. आता पाहुणे आपण आहोत.

निघण्यापूर्वी

पीतज्वराची (यलो फीवरची) लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते आणि तिचे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध धरले जाते, म्हणून हे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. प्रमाणपत्राचे ते पिवळे पुस्तक युगांडात शिरताना लागते आणि भारतात परतताना तर हमखास लागते. ते नसेल तर मुंबईच्या विमानतळावरून घरी जाण्याऐवजी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहण्याची पाळी येते. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते, त्यामुळे पुस्तक जपून ठेवावे आणि त्याचा फोटो भावाबहिणींपैकी कोणाकडे तरी पाठवून ठेवावा.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी आपल्याकडची मुले बेफिकीर असतात, कारण मलेरिया आपल्याला नवा नाही. तिथला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर उठणारा असतो. डॉक्टर सांगतील ती गोळी प्रवासापूर्वी सुरू करावी आणि परतल्यावरही, गोळी कोणती आहे त्यानुसार, एक ते चार आठवडे चालू ठेवावी. मच्छरदाणी, अंगाला लावायचे मलम आणि संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे या गोष्टी गोळी घेत असतानाही हव्यातच.

व्हिसाचा प्रश्न संकोच न करता विचारावा. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन शाळेत शिकवणे किंवा दवाखान्यात मदत करणे हे नियमात बसेलच असे नाही, म्हणून ज्या मंडळीने किंवा संस्थेने बोलावले आहे तिच्याकडून कोणता परवाना लागेल हे लेखी मागवावे. ‘सगळे असेच येतात’ हे उत्तर पुरेसे मानू नये.

सामानात लष्करी छापाचे कपडे अजिबात नकोत, सामान्य नागरिकाने ते घालणे तिथे गुन्हा आहे. मुलींनी गुडघ्याखाली जाणारे घेरदार स्कर्ट न्यावेत, कारण खेडेगावातल्या उपासनेला जीन्स चालत नाही. पंजाबी ड्रेस बहुतेक ठिकाणी चालतो. विजेची खाच जाड चौकोनी तीन पिनांची असते, तेव्हा अडॅप्टर आणि पॉवर बँक सोबत असू द्यावी. डॉलर नेणार असाल तर नव्या छपाईच्या, न दुमडलेल्या नोटा घ्याव्यात. जुन्या किंवा किंचित फाटलेल्या नोटा बदलून मिळताना फार त्रास होतो. बाकी रोजचा व्यवहार मोबाइल मनीवर चालतो आणि पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतले की तेही सुरू होते. आपल्या ओळखीचे एअरटेल तिथेही भेटते.

पहिले काही आठवडे

सुरुवातीला कामापेक्षा भेटीगाठींना वेळ द्यावा. बुगांडा भागात, म्हणजे कंपालाच्या आसपास, भेट झाल्याबरोबर थेट कामाचे बोलणे उद्धटपणाचे समजतात. आधी ‘ओली ओत्या’ म्हणून खुशाली विचारायची, पुरुषाला ‘स्सेबो’ आणि स्त्रीला ‘न्न्याबो’ असे आदराने म्हणायचे, घरच्यांची चौकशी करायची आणि मग कामाकडे वळायचे. शेतात, चुलीजवळ किंवा रस्त्याच्या कामावर माणूस राबताना दिसला तर ‘जेबालेको’ म्हणतात, म्हणजे केलेल्या कष्टांबद्दल त्याला शाबासकी आणि आभार एकदमच मिळतात. एवढे चार शब्द विमानातच पाठ झाले पाहिजेत.

एका प्रसंगाची मनाची तयारी आधीच करून ठेवावी. तुम्ही घरात बसलेले असता, घरातली मोठी स्त्री हात धुण्यासाठी पाणी घेऊन येते आणि तुमच्यासमोर चक्क गुडघे टेकते. आपल्याकडच्या मुलामुलींना अवघडल्यासारखे होते, कोणी तिला दंडाला धरून उठवू पाहते, आणि त्यामुळे तीच खजील होते. वडीलधाऱ्यांना व पाहुण्यांना मान देण्याची ती तिथली जुनी रीत आहे. आपण किंचित पुढे झुकावे, दोन्ही हात ओंजळीसारखे पुढे करावेत, पाणी पडू द्यावे, डोळ्यांत पाहून ‘वेबाले’ (आभारी आहे) म्हणावे आणि तिने विचारलेल्या खुशालीला सावकाश उत्तर द्यावे. ही रीत योग्य की अयोग्य यावर तुमचे मत असेल, पण पहिल्या महिन्यात ते मागितल्याशिवाय मांडू नये.

वेळेचा घोळ ठरलेला आहे. युगांडाचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते हे सोपे आहे. अवघड ते पुढेच आहे. लुगांडात, म्हणजे बुगांडाच्या भाषेत, तासांची मोजणी सकाळी सहानंतर सुरू होते, त्यामुळे सकाळचे सात म्हणजे पहिला तास आणि नऊ म्हणजे तिसरा. एखाद्या आजोबांनी ‘तीन वाजता या’ म्हटले तर त्यांच्या मनात नऊ असू शकतात. शंका आली की ‘लुगांडातले तीन का?’ असे विचारून घ्यावे, आणि विचारण्यात काही कमीपणा नाही. तास ठरला तरी सभा त्या तासाला सुरू होईलच असे नाही, हे मात्र मराठी माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही.

जेवणात मातोके, म्हणजे केळीच्या पानांत गुंडाळून वाफवलेली कच्ची केळी, मक्याच्या पिठाचा घट्ट पोशो, घेवडा, रताळी आणि शेंगदाण्याचे दाटसर कालवण असते. ते कालवण बिनतिखटाच्या दाण्याच्या आमटीसारखे लागते आणि बहुतेक मराठी मुले पहिल्यांदा त्याच्याशीच मैत्री करतात. चपाती तर तिथे चपाती याच नावाने कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. अंड्याच्या पोळीभोवती गुंडाळून दिली की तिला ‘रोलेक्स’ म्हणतात. सोबत मेतकूट आणि लसणाची चटणी जरूर न्यावी, मात्र यजमानांच्या ताटावर पहिल्याच दिवशी चटणीची पुडी उघडू नये. पाणी उकळलेले किंवा बाटलीबंद असावे.

अंगाशी येणाऱ्या काही बारीक गोष्टी आहेत, ज्या माहितीपत्रकात सहसा नसतात. बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर एक माशी अंडी घालते, आणि तसा कपडा अंगात घातला की अळी कातडीत शिरून गळू झाल्यासारखी गाठ येते. म्हणून प्रत्येक कपड्याला, आतल्या कपड्यांनाही, शिवणी आणि इलॅस्टिकसकट कडक इस्त्री करावी. वीज नसली तरी कोळशाची इस्त्री बहुतेक घरांत सापडते. अनवाणी चालू नये, कारण मातीतला पिसवेसारखा किडा पायाच्या नखाशी घर करतो. व्हिक्टोरिया सरोवराचे पाणी कितीही निवळ दिसले तरी काठाशी पाय बुडवून बसू नये, गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया हा आजार तिथे सर्रास आहे. आणि खरा मोठा धोका रस्त्यावरचा. ‘बोडाबोडा’ या मोटारसायकल टॅक्सीवर रात्री बसू नये, दिवसाही हेल्मेटशिवाय बसू नये. चौदा आसनांच्या गाडीला तिथे टॅक्सी म्हणतात. आपण जिला टॅक्सी म्हणतो ती तिथे ‘स्पेशल हायर’.

मंडळीत आणि लोकांत

पहिल्याच रविवारी तुम्हाला उभे करून दोन शब्द बोलायला सांगितले जाईल. संदेश द्यायचा नसतो. नाव, गाव, आपल्या मंडळीचा सलाम आणि बोलावल्याबद्दल आभार, इतकेच बोलावे. दुभाष्या असेल तर एक लहान वाक्य पूर्ण करून थांबावे. अर्ध्या वाक्यावर थांबलात तर लुगांडात त्याची जुळणी होत नाही आणि बिचारा दुभाष्या अंदाजाने काहीतरी सांगून मोकळा होतो. उपासना तीन तास चालू शकते. अर्पणात पैशांबरोबर केळीचे घड, अंडी, ऊस, कधी पाय बांधलेली कोंबडी येते आणि शेवटी त्यांचा लिलाव होतो. आपल्याकडच्या कापणीच्या सणाचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे घरचेच वाटेल. पाहुण्याने एखादी बोली जरूर लावावी, पण परकीय चलनाच्या जोरावर भाव चढवून गावच्या माणसाला मागे सारू नये.

‘तुमचे तारण झाले आहे का?’ हा प्रश्न बसथांब्यावरही विचारला जातो. 1930 च्या दशकात रुवांडा-युगांडात सुरू झालेल्या संजीवनाची (रिव्हायव्हल चळवळीची) ती परंपरा आहे. पापाची उघड कबुली आणि साक्ष, म्हणजे आपण विश्वासात कसे आलो हे सांगणे, हे तिचे मुख्य अंग. कित्येक पिढ्यांचे ख्रिस्ती असलेल्या घरातला अहिल्यानगरचा (पूर्वीच्या अहमदनगरचा) किंवा वसईचा मुलगा अशा प्रश्नाने बिचकतो, क्वचित दुखावतोही. आपली साक्ष चार-पाच वाक्यांत, खरी आणि न फुगवता, तयार ठेवावी.

तुमच्या रंगावरून मुले ‘मुहिंडी’, म्हणजे भारतीय, म्हणून हाक मारतील आणि मोठी माणसे तुम्हाला दुकानदाराच्या घरचे समजतील. यामागे इतिहास आहे. ब्रिटिशांनी रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून मजूर नेले, पाठोपाठ व्यापारी आले, त्यांच्या हाती बाजारपेठ गेली, 1972 मध्ये अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले, आणि पुढे त्यांतले काही परतले. भारतीय मालकाविषयीची अढी कधी तुमच्यावरही निघेल. तिथे वाद घालू नये, आणि दुसरीकडे भारतीय दुकानात बसून स्थानिकांच्या आळसाविषयी चाललेल्या गप्पांना मानही डोलावू नये. माझ्या मते सगळ्या प्रवासातली ही सर्वांत कठीण कसोटी आहे, कारण ती मराठीत किंवा हिंदीत, चहाच्या कपासोबत येते.

मुलांबरोबर काम असेल तर एकट्याने एखाद्या मुलाला घेऊन बसू नये, त्यांचे फोटो पालकांना आणि संस्थेला विचारल्याशिवाय काढू वा पसरवू नयेत. अनाथाश्रम म्हणवणाऱ्या ठिकाणीही बऱ्याच मुलांचे आईवडील किंवा आजी हयात असतात, हे लक्षात असावे. शाळेची फी मागणारे भेटतील, तीही बहुधा खरी गरज असते. ‘मी बघतो’ असे कधीही म्हणू नये, कारण ते वचन समजले जाते. द्यायचे असेल ते यजमान मंडळीच्या खजिनदाराकडे, पावती घेऊन द्यावे. नर्सिंगचे शिक्षण नसेल तर इंजेक्शनला हात लावू नये, मग कोणी कितीही आग्रह करो. ज्या कामाला स्वतःच्या गावात तुम्हाला कोणी उभे केले नसते, ते तिथेही तुमचे नाही.

मन उदास झाले तर

नवलाई ओसरली की साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चिडचिड सुरू होते. झोप उडते, सोबत्याच्या चमचा वाजवण्याचाही राग येतो, प्रार्थनेत मन लागत नाही आणि त्याचाच अपराध वाटू लागतो. हे विश्वासाचे अपयश समजू नये. आधी झोप, जेवण आणि पाणी नीट आहे का हे पाहावे. घरी रोज तासभर व्हिडिओ कॉल केल्याने उदासी वाढते, त्यामुळे आठवड्यातले दोन दिवस ठरवून घ्यावेत. गटातल्या भांडणाचा निकाल त्याच दिवशी लावावा, पण स्थानिक मंडळीसमोर नाही. गटाबाहेरची एक समवयस्क स्थानिक व्यक्ती हेरून तिच्याबरोबर बाजारात जावे, भाजी निवडावी, कपडे धुवावेत. हातात काम असले की भाषाही लवकर येते. आठवडाभर रडू आवरत नसेल किंवा जेवणच जात नसेल, तर नेत्याला स्पष्ट सांगावे आणि लवकर परतण्याचा पर्यायही खुला ठेवावा.

परतल्यावर

मंडळीत अहवाल देताना फाटक्या कपड्यांतल्या मुलांचे फोटो दाखवण्याचा मोह टाळावा; तिथल्या पाळकांना समोर बसवून जे दाखवता येईल, तेवढेच दाखवावे. खर्चाचा हिशेब पैनपै लिहून द्यावा. आणि परतल्यानंतरच्या काही महिन्यांत ताप आला तर तो साधा व्हायरल समजून अंगावर काढू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन, त्यांनी विचारण्याची वाट न पाहता, युगांडाहून आल्याचे सांगावे आणि मलेरियासाठी रक्त तपासून घ्यावे.