गच्चीवर सोलर लावताय? आमच्या झालेल्या या चुका टाळा

मुलुंडला आमची जुनी सात मजली सोसायटी, मी खजिनदार, त्यामुळे लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं कॉमन मीटरचं बिल दर महिन्याला माझ्याच हातातून जातं. सोलरचा विषय एजीएममध्ये मीच काढला होता आणि आज १० किलोवॅटचा प्लांट गच्चीवर चालू आहे याचा मला मनापासून आनंद आहे. पण लावताना आणि लावल्यानंतर ज्या चुका झाल्या त्या सहज टाळता आल्या असत्या. आता आजूबाजूच्या सोसायट्यांचे लोक बघायला येतात आणि पहिला प्रश्न एकच, किती खर्च आला? अहो, खर्चाचं नंतर बघू, आधी गेल्या बारा महिन्यांची बिलं काढून टेबलावर ठेवा.

कारण सगळ्यात महागात पडणारी चूक तिथेच होते. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते आणि वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. आमचा वापर महिन्याला अकराशे-बाराशे युनिट, म्हणजे १० किलोवॅट पुरेसा होता, पण पहिलं कोटेशन आलं २० चं आणि कमिटीतले अर्धे लोक म्हणाले, लावूया की, जास्तीची वीज विकू. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे उरलेली वीज कंपनीच्या लाईनला देऊन बिलातून वजा करायच्या सोयीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात हे खरं, पण आर्थिक वर्ष संपताना जे उरतं त्याचा हिशोब आपण भरतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने होतो. आणि तुमचा मंजूर लोड, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या मीटरला मंजूर केलेले किलोवॅट, कमी असेल तर तेवढा मोठा प्लांट नेट मीटरिंगमध्ये बसतच नाही, आधी लोड वाढवून घ्या.

दुसरी चूक सावलीची. आमचा सर्व्हे मे महिन्यात दुपारी झाला. मुंबईत तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, टाकीची सावली टाकीच्या पायाशीच, सगळी गच्ची मोकळी दिसते. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेला झुकतो आणि १० फूट उंच टाकीची सावली भर दुपारी उत्तरेला ९ फुटांपर्यंत जाते. आमचे तीन पॅनल नेमके त्या पट्ट्यात बसवले होते. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे दोन-तीन पॅनलवर सावली आली तरी अख्ख्या माळेची वीज कमी होते. ते पॅनल नंतर उचलून दुसरीकडे बसवले, मजुरी वेगळी गेली. तुम्ही डिसेंबरच्या सावलीचा नकाशा आधी मागा, आणि शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का तेही विचारा, तिथे उद्या बावीस मजले उभे राहिले तर तुमचं अर्ध्या दिवसाचं ऊन गेलं.

आता पावसाचं सांगते, यात आम्ही सगळ्यात जास्त भोगलं. पहिल्याच जुलैत एका सकाळी ॲपवर उत्पादन शून्य. आधी वाटलं ढग असतील, पण ढगाळ दिवशीही थोडी तरी वीज होतेच, सपाट शून्य म्हणजे बिघाड. छत्री घेऊन वर गेले तर इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनलची डीसी वीज आपल्या वापराची एसी करणाऱ्या यंत्रावर, लाल दिवा आणि स्क्रीनवर आयसोलेशन फॉल्ट, म्हणजे कुठेतरी वीज जमिनीत गळतेय. दोन दिवस पाऊस थांबला, आपोआप सुरू झालं. परत सर आली, परत बंद. ठेकेदार फोनवर सांगत राहिला की इन्व्हर्टर बंद करून चालू करा. शेवटी दुसरा इलेक्ट्रिशियन आणला, त्याने एकेक माळ वेगळी करून मोजली, मग दोन पॅनलच्या मधे खाली वाकून एक केबल उचलली. तिला बांधलेली प्लास्टिकची पट्टी उन्हाने तुटलेली, जोड थेट स्लॅबवरच्या पाण्यात पडलेला, आणि जोडाची एक बाजू एका कंपनीची, दुसरी भलत्याच कंपनीची, त्यामुळे ती घट्ट बसलीच नव्हती. नवीन जोड, केबल पॅनलच्या खाली वर उचलून बांधली, तेव्हापासून तो फॉल्ट आलेला नाही. पण हात जोडून सांगते, हे स्वतः करू नका. इन्व्हर्टर बंद केला तरी ऊन आहे तोवर पॅनलच्या तारांत शेकडो व्होल्ट असतात.

पावसाळ्यात उत्पादन निम्म्यावर आलं की लोक घाबरतात, तो बिघाड नाही, हिशोबात ते आधीच धरायचं असतं. गंमत बघा, याच सह्याद्रीच्या पावसावर मुंबईला वीज देता येईल हे जमशेटजी टाटांनी शंभरावर वर्षांपूर्वी ओळखलं, ते १९०४ मध्ये गेले आणि १९१५ मध्ये खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज इथल्या गिरण्यांत पोचली. तेव्हा वीज घाटावरून यायची, आता आपल्याच गच्चीवर तयार होतेय, आणि मीटर दोन्ही बाजूंनी फिरतो, हे मला खरंच मोठं वाटतं.

लाईट गेल्यावर सोलर चालेल हा गैरसमज आमच्याकडेही होता. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तसं परत झालं तर बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला, प्लांट भर उन्हातही बंदच पडणार. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा बनवलेला असतो. लिफ्ट चालू ठेवायची असेल तर बॅटरी किंवा जनरेटरचा वेगळा विचार करा.

सबसिडीचं थोडक्यात. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये आहेत, पण पॅनल भारतात बनलेल्या सेलचे हवेत आणि ठेकेदार नोंदणीकृत हवा. स्वस्त पॅनल लावून मग अर्ज करू म्हणणाऱ्याला लगेच नको म्हणा. कंपनीनेच प्लांट लावायचा आणि आपण युनिटप्रमाणे पैसे द्यायचे असा करार असेल तर दर वर्षाला किती टक्के वाढतो आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तर काय, ही दोन कलमं वकिलाला दाखवा, करार वीस-पंचवीस वर्षांचे असतात.

स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करता येतं, नाहीतर वरच्या मजल्याच्या काकूंच्या छतातून पाणी येणार. पण वादळात हलू नये म्हणून ठोकळ्यांच्या वजनाचा हिशोब इंजिनीअरकडून लिहून घ्या. कबुतरांची घाण पाऊस धुऊन नेत नाही, ती सकाळी ऊन चढायच्या आत पाण्याने आणि मऊ फडक्याने काढावी लागते, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

आमचा वॉचमन आता रोज संध्याकाळी इन्व्हर्टरवरचा आकडा वहीत लिहितो, आकडा अचानक खाली आला की त्याच रात्री मला फोन येतो. मुलुंडला कधी आलात तर ती वही दाखवते, गच्चीही.