माळवदावर पत्रा गार करायचा असेल तर

डिसेंबरात माळवदावर झोपलं की पहाटे गोधडी दवानं ओलीचिंब होते. तीच बाज लिंबाखाली टाका, कोरडी राहते. कारण प्रत्येक वस्तू रात्रभर डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून उष्णता बाहेर टाकत असते. त्यातले ८ ते १३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीचे किरण कोरड्या हवेतून आरपार थेट अवकाशात जातात. लिंबाचा पाला ऊब परत पाठवतो, निरभ्र आभाळ त्याहून कमी. आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी, म्हणून रात्री पत्रा हवेपेक्षा गार करून बघायचा प्रयोग इथं छान साधतो.

पाण्याचं ताट उघडं ठेवून 'बघा, गार झालं' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. त्यात बाष्पीभवनही मिसळतं. माठ तर घरातसुद्धा पाणी गार करतो. कोरडा पत्राच घ्या.

थर्माकोलच्या पेटीत ॲल्युमिनियमचा पत्रा बसवा, वरून पांढरा ऑइलपेंट द्या, खालून तापमापीची वायर चिकटवा. रात्री काळा रंगही तितकाच चालतो. चकचकीत पत्रा मात्र नको, तो उष्णता सोडतच नाही म्हटलं तरी चालेल. स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला असतो, म्हणून पेटीखाली कडब्याच्या पेंढ्या टाका. १७७५ साली रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्यानं अलाहाबादला रात्री उघड्यावर पाण्याचा बर्फ कसा करत त्याचं वर्णन लिहिलं, त्यातही मातीच्या उथळ ताटल्या वाळल्या धाटांच्या थरावरच मांडलेल्या होत्या.

आता झाकण. इथं माझे दोन हिवाळे वाया गेले. झाकण नसेल तर वारा पत्र्याला परत हवेच्या तापमानावर आणतो, म्हणून मी काच लावली. काच डोळ्यांना पारदर्शक, पण या किरणांना भिंतच! काच गार व्हायची, पत्रा तसाच. मग पॉलीहाऊसचा कागद आणला. तो जाड, आणि त्यातले काही तर ऊब धरून ठेवण्यासाठीच बनवलेले असतात. पाहिजे ती साधी, पातळ, पारदर्शक पॉलिथिनची पिशवी. हातात मऊ लागते, ओढली की ताणते. कुरकुर वाजणारी घेऊ नका. ढोलकीच्या पानासारखी ताणून, पत्र्याच्या दोन बोटं वर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करा. झोळ पडून पत्र्याला टेकली की प्रयोग संपला.

पेटी आधी दुपारभर उन्हात वाळवा, मगच बंद करा. ओली हवा आत कोंडली तर प्लॅस्टिकला आतून दव येतं, आणि पाण्याचा तो पातळ थरही काचेसारखाच आडवा येतो. बाहेरून दव धरायच्या आत, रात्री ९ ते १२ च्या दरम्यान नोंदी घ्या.

हवेची तापमापी आडोशाला टांगा. उघड्यावर ठेवली तर तीही आभाळाकडे बघून गार होते आणि फरक कमी दिसतो. माझ्याकडे चांगल्या रात्री हवा १६ अंश असताना पत्रा ९ वर आला आहे. ढग असतील त्या दिवशी मांडूच नका.

आकडा स्थिरावला की पेटी तशीच उचलून लिंबाखाली ठेवा आणि दर पाच मिनिटांनी नोंद करा. पत्रा पुन्हा हवेच्या तापमानाकडे चढत जातो. हीच खरी परीक्षा, ती चुकवू नका.