कोल्हा, लांडगा किंवा मुंगूस चावल्यास काय करावे

रेबीजविषयी आपल्याकडे जे काही सर्वांना तोंडपाठ असते, ते बहुतेक कुत्र्याच्या संदर्भातले असते, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण भारतात माणसाला होणाऱ्या रेबीजच्या मुळाशी बहुतेक वेळा कुत्र्याचाच चावा असतो. मात्र हेच ज्ञान रानातल्या जनावराला जसेच्या तसे लावले की घात होतो. ‘चावलेल्या जनावरावर दहा दिवस लक्ष ठेवा’ हा नियम फक्त कुत्रा आणि मांजर या दोन प्राण्यांसाठी आहे. या दोघांच्या लाळेत विषाणू उतरला की थोड्याच दिवसांत ते आजारी पडून मरतात, हे नीट अभ्यासलेले आहे; कोल्हा, लांडगा किंवा मुंगूस यांच्याबाबत असा भरवसा देता येत नाही, शिवाय चावून उसात शिरलेला कोल्हा दहा दिवस कोणाच्या नजरेसमोर राहणार? म्हणून वन्यप्राण्याने चावा घेतला, तर जनावर पिसाळलेले होते की नाही याची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी उपचार सुरू करावेत. भारतातील राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार वन्यप्राण्याचा चावा हा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीतला मानून उपचार करायचे असतात.

कोणत्या प्राण्यांपासून धोका?

रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. साप, सरडे आणि पक्षी यांच्यापासून तो होत नाही. महाराष्ट्रात शेतशिवारात वावरणाऱ्यांनी प्रामुख्याने कोल्हा, खोकड, लांडगा, तरस आणि मुंगूस यांच्यापासून सावध राहावे. वानर, माकड आणि बिबट्याचा चावाही याच हिशेबात धरावा. मुंगसाबाबत विशेष सांगावेसे वाटते, कारण त्याचे दर्शन शुभ मानले जाते, लहान मुले त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात, आणि त्याचा चावा बारीक असल्याने घरी सांगितलाही जात नाही. घरातील उंदीर, खार आणि ससा यांच्या चाव्यानंतर मात्र रेबीजची लस घेण्याची गरज क्वचितच पडते.

हा प्रश्न फक्त खेड्यापाड्यांचा आहे असेही समजू नये. २०२४ मध्ये मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे परिसरात सापडलेल्या सोनेरी कोल्ह्यांमध्ये रेबीज असल्याचे तपासणीत आढळले होते. खाडीकाठच्या तिवरांत राहणारे हे कोल्हे वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांच्या संपर्कात येतात आणि दोघांमध्ये रोगाची देवाणघेवाण होऊ शकते.

पिसाळलेला कोल्हा माणसाची भीती विसरतो, भरदिवसा अंगणात किंवा गोठ्यात शिरतो, समोर येईल त्याला चावत सुटतो, लाकूड-दगडही चावतो. काही वेळा उलट तो सुस्त होतो, जबडा लोंबतो, लाळ गळते आणि मागचे पाय लटपटतात. तरीही केवळ लक्षणांवरून निदान करू नये. कुत्र्यांपासून लांडग्या-कोल्ह्यांत पसरणाऱ्या डिस्टेंपर या रोगातही जनावर असेच झोकांड्या खाते, आणि याच्या उलट, रेबीज झालेल्या जनावराच्या लाळेत लक्षणे दिसण्यापूर्वीही विषाणू असू शकतो.

पहिली पंधरा मिनिटे

जखम वाहत्या पाण्याखाली धरून साबणाने निदान पंधरा मिनिटे धुवावी. ही पंधरा मिनिटे घड्याळ लावून मोजावीत, कारण दुखत असताना दोन मिनिटेही पुष्कळ वाटतात. विषाणूच्या बाह्य आवरणात स्निग्ध पदार्थ असतात आणि साबणाने ते आवरण फुटते, म्हणून हा सर्वांत स्वस्त उपचार अत्यंत परिणामकारकही आहे. शेतात मोटार चालू असेल तर पाइपच्या धारेखाली, नाहीतर कळशीने पाणी ओतत धुवावे; साबण नसेल तर नुसत्या पाण्याने धुवावे, पण थांबू नये. त्यानंतर पोव्हिडोन आयोडिन हे जंतुनाशक लावावे. हळद, चुना, तिखट, तेल, तंबाखू, झाडपाल्याचा लेप यांतले काहीही जखमेवर लावू नये आणि डाग देऊ नये. जखम घट्ट बांधूही नये. रक्त फार वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाब द्यावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दवाखान्यात काय मागावे?

प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस, म्हणजे एआरव्ही, बहुधा मिळते. तिसऱ्या श्रेणीच्या जखमेला मात्र तेवढी पुरत नाही. लस टोचल्यानंतर शरीरात पुरेशी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिने, तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतल्या विषाणूला तिथेच अडवण्यासाठी तयार प्रतिपिंडांचे सीरम थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचावे लागते. म्हणून ‘सीरम इथे आहे का, नसेल तर कुठे मिळेल’ हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी स्वतःहून विचारावा. घोड्यापासून बनवलेले सीरम रुग्णाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे ४० एककांपर्यंत, तर मानवी सीरम २० एककांपर्यंत दिले जाते. सीरमऐवजी देता येणारे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेले मोनोक्लोनल (प्रयोगशाळेत बनवलेले एकाच प्रकारचे) प्रतिपिंडही आता वापरात आहे. सीरमसाठी दुसऱ्या गावी जावे लागणार असेल, तर लसीची पहिली मात्रा घेऊनच निघावे. पहिल्या मात्रेपासून सात दिवसांपर्यंत सीरम देता येते, त्यानंतर देऊ नये.

सीरमचे महत्त्व जगाला पटले तेच मुळी एका लांडग्यामुळे. १९५४ मध्ये इराणमधील एका गावात पिसाळलेल्या लांडग्याने एका रात्रीत २९ जणांना चावे घेतले. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी ज्या पाच जणांना केवळ लस मिळाली त्यांतले तीन दगावले. लस आणि सीरम दोन्ही मिळालेल्या तेरा जणांतला एकच दगावला. लांडगा आणि कोल्हा अनेकदा चेहऱ्यावर, मानेवर आणि हातांवर झेप घेतात, आणि जखम मेंदूच्या जितकी जवळ व जितकी खोल, तितका रोग उद्भवण्याचा काळ कमी होऊ शकतो, हे लक्षात घेतले म्हणजे ही आकडेवारी आजही महत्त्वाची का आहे ते कळते.

सरकारी रुग्णालयांत लस सहसा त्वचेत दिली जाते: ०, ३, ७ आणि २८ या दिवशी (० म्हणजे पहिल्या मात्रेचा दिवस), दर वेळी दोन ठिकाणी. स्नायूत दिल्यास ०, ३, ७, १४ आणि २८ असे वेळापत्रक असते. ती दंडावर, आणि अगदी लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात; कुल्ल्यावर देऊ नये. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनाही ती द्यायचीच असते. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची जुनी पद्धत केव्हाच बंद झाली आहे, तरी तिच्या भीतीने टाळाटाळ करणारे लोक अजून भेटतात. ऊसतोडणीच्या टोळीतल्या कामगाराने पुढची मात्रा पुढच्या मुक्कामी घ्यावी आणि त्यासाठी केसपेपर जवळ ठेवावा. चावा होऊन कित्येक दिवस उलटले असले तरी, लक्षणे नसतील तर, उपचार सुरू करावेत. विषाणू बहुधा एक ते तीन महिने आणि क्वचित वर्षाहूनही अधिक काळ शरीरात दबा धरून बसतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर मात्र रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही.

जखमेवर लगेच टाके घालू नयेत. ते अपरिहार्य असतील तर आधी सीरम टोचून, काही तासांनी आणि कमीत कमी घालावेत. धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही आठवण करून द्यावी.

चावा नसतानाही

कोल्हा गोठ्यात शिरून गायीला किंवा म्हशीला चावतो आणि काही आठवड्यांनी ते जनावर खायचे थांबते, लाळ गाळते, सारखे हंबरते. घशात काही अडकले असेल अशा समजुतीने घरची मंडळी तोंडात हात घालून पाहतात. हे कधीही करू नये. हाताला खरचटलेले असेल तर लाळेतून विषाणू शरीरात जाऊ शकतो, म्हणून ज्यांनी हात घातला असेल त्या सर्वांनी डॉक्टरांना भेटावे. अशा जनावराचे कच्चे दूध पिऊ नये. उकळलेल्या दुधातून रोग होत नाही. कोल्हा चावल्याचे दिसताच जनावराची जखमही साबणाने, पण हातमोजे घालून, धुवावी आणि त्याला लस देण्यासाठी पशुवैद्यकाला बोलवावे.

चावणाऱ्या वन्यप्राण्याचा पाठलाग करू नये. हे प्राणी कायद्याने संरक्षित आहेत, आणि काठ्या घेऊन घेरल्यामुळे आणखी दोघा-तिघांना चावे बसतात. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. प्राणी मेलेला आढळला तर उघड्या हाताने उचलू नये आणि परस्पर पुरू नये, कारण रोगाची खात्री मेंदूच्या तपासणीतूनच होते. तो अहवाल येईपर्यंत उपचार मात्र थांबवू नयेत. कोल्हा, लांडगा किंवा तरस यांच्या हल्ल्यात जखमी झालेल्यांसाठी राज्य शासनाच्या अर्थसाहाय्याची तरतूद आहे. त्यासाठी वनविभागाला लवकर खबर देऊन पंचनामा करून घ्यावा आणि दवाखान्याची कागदपत्रे जपावीत.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी यात वटवाघळाची भर घालावी. तिथे माणसाला होणाऱ्या रेबीजचे ते प्रमुख कारण आहे, आणि त्याचा चावा इतका सूक्ष्म असतो की झोपेत कळतही नाही. मूल झोपलेल्या खोलीत वटवाघूळ सापडले तर त्याला सोडून देऊ नये. शक्य असल्यास स्पर्श न करता डब्यात बंद करून आरोग्य विभागाला कळवावे.

वनरक्षक, वन्यजीव बचाव पथकातले कार्यकर्ते आणि पशुवैद्यक यांनी चावा होण्यापूर्वीच ०, ७ आणि २१ किंवा २८ या दिवशी प्रतिबंधक लस घ्यावी. पुढे चावा झालाच तर जखम धुणे त्यांनाही चुकत नाही, पण त्यांना ० आणि ३ या दिवशी दोन मात्रा पुरतात आणि सीरमची गरज राहत नाही.