पाईप कोरण्याआधी ब्रायरचे लाकूड कसे सांभाळावे

तंबाखूचे पाईप ज्या ब्रायरपासून कोरतात, ती एरिका आर्बोरिया या भूमध्यसागरी झुडपाच्या मुळाशी वाढलेली गाठ असते. कॉर्सिका, कॅलाब्रिया, ग्रीस इथल्या डोंगरउतारांवरून ती खणून काढतात. ठोकळे कापेपर्यंत तिला वाळू देत नाहीत, सावलीत ओली ठेवतात. कापलेले ठोकळे तासन् तास उकळले की चीक आणि टॅनिन हे तुरट द्रव्य बरेचसे निघून जाते. पुढे कित्येक महिने संथ वाळवण चालते. ते पुरते झालेच असेल हे गृहीत धरू नका.

ठोकळा हाती आला की आधी सगळ्या बाजूंनी चिरा पाहा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि तारखेसह ते ठोकळ्यावरच पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई लाकडात मुरते.

आता जागा. गच्ची, खिडकीतले ऊन, शेगडीची ऊब, पंख्याचा थेट झोत, हे सगळे टाळा. लाकडातला ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेला की ते आक्रसू लागते. बाहेरचा थर घाईने वाळला आणि आतला ओलाच राहिला, की त्या ओढाताणीत लाकूड तडकते. म्हणून घरातल्या सावलीच्या कपाटात फळीवर पातळ पट्ट्या ठेवून त्यांवर ठोकळे मांडा, दोन ठोकळ्यांत बोटभर अंतर सोडा. ठोकळा हाताला जड, गार लागत असेल तर सुरुवातीचे काही आठवडे कोरड्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकमध्ये मात्र बंद करू नका, बुरशी धरते.

दर पंधरा दिवसांनी वजन घ्या. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच पायरी, कारण डोळ्यांना आणि हाताला ओलावा नेमका कळत नाही. पावसाळ्यात वजन वाढले तर घाबरू नका. हवेत 65 टक्के आर्द्रता असेल तर लाकडात सुमारे 12 टक्के ओलावा टिकतो, कोकणातल्या आषाढात आर्द्रता 85 टक्क्यांवर गेली की तोच 18 टक्क्यांच्या आसपास पोचतो. याउलट विदर्भातल्या एप्रिलच्या कोरड्या हवेत तो 6 टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. अशा दिवसांत ठोकळे पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. कोरड्या ऋतूत लागोपाठ तीन नोंदी सारख्या आल्या, की ठोकळा कोरायला तयार समजा.

बारीक भोके आणि पिठासारखा भुसा दिसला तर तो ठोकळा लगेच वेगळा काढा. कीटकनाशक अजिबात मारू नका. याच लाकडात निखारा फुलणार आहे आणि त्यातला धूर तोंडात जाणार आहे.

काम सुरू केल्यावरही सांभाळणे संपत नाही. वाटीचे, म्हणजे तंबाखू भरायच्या खळग्याचे, भोक पाडले की पातळ भिंत आणि जाड बूड वेगवेगळ्या गतीने वाळतात. अर्धवट राहिलेला पाईप रात्री कागदी पिशवीत घालून त्याच कपाटात परत ठेवा.