शाळेच्या मैदानावर २०० मीटरचा ट्रॅक कसा आखावा

४०० मीटरचा ट्रॅक लहान शाळेच्या मैदानात सहसा मावत नाही, २०० मीटरचा मात्र मावतो. चार लेनसाठी ८७.५६ मीटर लांबी आणि ४७.५६ मीटर रुंदी लागते. चहूबाजूंनी निदान एक मीटर जागा मोकळी सोडा.

साहित्य थोडकेच आहे: ५० मीटरची स्टीलची टेप, लोखंडी खुंट्या, बारीक तार, फक्की. त्रिज्येसाठी नायलॉनची दोरी वापरू नका, ती ताणली जाते. एक टक्का ताणली तरी त्रिज्या १९ सेंटीमीटरने वाढते आणि फेरी जवळजवळ १.२० मीटरने लांबते. फक्की चुनखडीच्या पुडीची घ्या. कळीचा चुना ओल लागली की त्वचा भाजतो, डोळ्यांना तर फारच घातक, आणि मुलं अनवाणीही पळतात.

मैदानाच्या मधोमध बरोबर ४० मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोका. प्रत्येक खुंटीपाशी ३-४-५ च्या त्रिकोणाने (बाजू ३, ४ आणि ५ मीटर) काटकोन काढा आणि दोन्ही बाजूंना १८.९० मीटरवर खूण करा. चार कोपरे मिळाले की दोन्ही कर्ण मोजा. ते ५५.०३ मीटर भरले पाहिजेत. दोन-तीन सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर काटकोन पुन्हा काढा. इथली चूक पुढे कशानेच झाकली जात नाही.

आता खुंटीत तार अडकवून अर्धवर्तुळं काढा. तारेला सैल कडी करा, नाहीतर फिरताना ती खुंटीला गुंडाळते आणि त्रिज्या कमी होत जाते. आतल्या रेषेची त्रिज्या १८.९०. लेन १.२२ मीटरची, म्हणून पुढच्या रेषा २०.१२, २१.३४, २२.५६ आणि २३.७८ वर. ही मापं रेषेच्या बाहेरच्या कडेची आहेत, त्यामुळे पाच सेंटीमीटरची फक्की नेहमी खुणेच्या आत पडली पाहिजे. सरळ भागात त्याच १.२२ च्या अंतराने रेषा जोडून घ्या.

१८.९० का? धावणारा रेषेवरून पळत नाही. नुसती रेषा असते तिथे धावण्याचं अंतर तिच्यापासून २० सेंटीमीटर बाहेरून मोजतात. त्या मार्गाची त्रिज्या १९.१० येते, प्रत्येक वळण ६० मीटर भरतं आणि दोन सरळ बाजूंचे ८० मिळवले की २०० होतात.

सगळ्यात जास्त घोळ स्टॅगरमध्ये, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवात पुढे ठेवण्यात होतो. पूर्ण फेरीला दर लेनमागे ७.६७ मीटर पुढे सुटायचं, म्हणजे दुसऱ्या लेनला ७.६७, तिसरीला १५.३३, चौथीला २३.००. पण ही वळणावरची अंतरं आहेत. टेप सरळ ताणून चौथ्या लेनमध्ये २३ मीटर मोजले, तर तिथल्या मुलाला सुमारे १.१० मीटर कमी पळावं लागतं. इतक्या अंतराने निकाल फिरतो आणि पहिल्या लेनमधल्या मुलावर अन्याय होतो. म्हणून सरळ टेपेने मोजायचं असेल तर ७.६२, १५.०१ आणि २२.०३ ही मापं घ्या. शर्यत संपण्याची रेषा सरळ भाग संपून वळण सुरू होतं तिथे आखा. त्याच रेषेवर, प्रत्येक लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंटीमीटर बाहेर, टेपेचं शून्य धरा. पुढची खूणही तितकीच बाहेर असू द्या. दोन फेऱ्या लेन न सोडता पळवायच्या असतील तर वळणावरचं अंतर दुप्पट होतं. तिथे सरळ टेप चालत नाही, वळणावरूनच मोजावं लागतं.

१०० मीटरची शर्यत या ट्रॅकवर घेऊ नका. तिला वेगळी सरळ पट्टी हवी: सुरुवातीमागे ३ मीटर, शेवटानंतर निदान १७ मीटर मोकळे. मुलं पूर्ण वेगात असतात, समोर भिंत किंवा कुंपण असेल तर ती शेवटाआधीच वेग आवरतात, नाहीतर जाऊन आदळतात.

पावसाने फक्की धुऊन जाते. म्हणून मधल्या दोन खुंट्या उपटू नका, जमिनीखाली पाच सेंटीमीटर ठोकून ठेवा. इमारतीच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून प्रत्येक खुंटी किती मीटरवर आहे ते क्रीडा विभागाच्या वहीत लिहा.