केनियाला अनाथ मुलांसाठी मिशन ट्रिप काढताय? या चुका टाळा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की कुठल्या ना कुठल्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, फोन येतोच, आमचा ग्रुप केनियाला अनाथाश्रमात चाललाय, काय काय न्यायचं ते सांगा. म्हणजे सुरुवातच बॅगेपासून. तरुण संघाचे टीशर्ट छापून झालेले असतात, गाण्यांची प्रॅक्टिस चालू असते, आणि त्या आश्रमात मुलं आली कुठून हे विचारायचं मात्र राहून गेलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक हीच. बोर्डावर अनाथाश्रम लिहिलंय म्हणून आतली मुलं अनाथ, असं धरून चालू नका. सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेने 2009 मध्येच सांगितलं होतं की जगभरात संस्थांमध्ये राहणाऱ्या दर पाच मुलांपैकी निदान चौघांचे आई किंवा वडील, कधी कधी दोघंही, जिवंत असतात. घरात खायला नाही, शाळेची फी झेपत नाही, आई आजारी आहे, म्हणून पोर संस्थेत येतं. आणि परदेशी पाहुणे आले की देणग्या येतात हे कळल्यावर काही ठिकाणी मुद्दाम मुलं गोळा केली जातात, हे काही ऐकीव नाही, ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली होती.

केनिया सरकारने 2017 मध्ये नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली, आणि 2022 पासून दहा वर्षांचं धोरण आखलंय की मुलं हळूहळू संस्थेतून कुटुंबात जावीत. त्यामुळे तिकडचा कुणी पास्टर फेसबुकवर म्हणाला की आम्ही गेल्या वर्षी नवीन होम सुरू केलंय, उद्घाटनाला या, तर आधी नोंदणीचा कागद मागा. प्रत्येक मुलाला ठेवून घेण्याचा कोर्टाचा आदेश आहे का, सरकारी चिल्ड्रन्स ऑफिसर कोण येतो, आणि गेल्या दोन वर्षांत किती मुलं नातेवाईकांकडे परत गेली, हेही विचारा. या शेवटच्या प्रश्नाला "परत कशाला, प्रभूच्या कृपेने संख्या वाढतेच आहे" असं उत्तर आलं तर तिकीट काढू नका.

तिकीट आधीच काढलंय? मग कार्यक्रम बदला. किसुमू, सियाया, होमा बे या व्हिक्टोरिया सरोवराच्या पट्ट्यात एचआयव्हीने एक अख्खी पिढी ओढून नेली, तिथे कितीतरी आज्या नातवंडं सांभाळतात आणि तिथल्या मंडळीला त्या घर अन् घर माहीत असतात. त्यांच्यामार्फत फी, गणवेश, छपराचे पत्रे यात हातभार लावा, म्हणजे पोर आजीजवळच राहील. बायबलमधलं याकोब 1:27 हे वचन आपण स्टेजवरच्या बॅनरवर छापतो, त्यात अनाथांबरोबर विधवाही आहेत, पण विधवेकडे जायला ट्रिप निघालेली मी तरी पाहिली नाही.

आता तारखा. आपल्याला मे सोयीचा, पण केनियात मार्च ते मे मोठा पाऊस असतो आणि मेमध्ये शाळा चालू असतात, म्हणजे तुम्ही पोचणार आणि मुलांचे वर्ग बुडवून त्यांना तुमच्यासमोर बसवणार. तिकडच्या सुट्ट्या साधारण एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबर. ऑगस्टला गेलात तर स्वेटर घ्या, आफ्रिका म्हणजे ऊन असं समजून कॉटनवर गेलेले लोक नैरोबीत रात्री कुडकुडतात.

मुलांशी वागण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे चांगल्या मनाची माणसंच जास्त गोंधळ घालतात. आठवडाभर कडेवर घ्यायचं, "मी तुझी आई" म्हणायचं, निघताना रडारड, आणि पुढच्या महिन्यात दुसरा ग्रुप येऊन तेच करणार. आपल्याकडे मिशन बोर्डिंगमध्ये वाढलेल्या कुणालाही विचारा, गोरे पाहुणे आले की इस्त्रीचा ड्रेस घालून रांगेत उभं राहून स्वागतगीत म्हणताना काय वाटायचं. तेच आपण आता तिकडच्या पोरांना करायला लावायचं का? त्यापेक्षा मुलांना रोज सांभाळणाऱ्या बायकांना मदत करा, भिंती रंगवा, भांडी घासा. मुलाबरोबर कुणीही एकट्याने बंद खोलीत थांबायचं नाही, हा नियम पास्टरांनासुद्धा लागू. टीममधल्या प्रत्येकाचं पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढा, कुणाला राग आला तरी. फोटोत मुलाचा चेहरा, नाव, गाव एकत्र टाकू नका, आणि "एचआयव्हीग्रस्त बाळासोबत" असलं कॅप्शन तर कधीच नाही, ते पोर उद्या त्याच शाळेत जाणार असतं.

आणि त्यांना येशू पहिल्यांदा तुमच्याकडूनच कळणार आहे असा आव आणू नका. 2019 च्या जनगणनेत केनियात साधारण 85 टक्के लोक ख्रिस्ती निघाले. आपला संबंध तर जुना आहे, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या शरणपूरला मिशनमध्ये शिकली आणि त्यातलेच काहीजण 1870 च्या दशकात मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउन या मुक्त केलेल्या गुलामांच्या वस्तीत जाऊन तिथल्या मंडळीच्या उभारणीत राबले. पपेट शो न्यायचा तर न्या, पण आधी विचारा हवाय का.

सामानाचं थोडक्यात. जुने कपडे अजिबात नकोत, नैरोबीचं गिकोंबा मार्केट जगभरातल्या जुन्या कपड्यांनी ओसंडून वाहतं. गणवेश तिथल्याच शिंप्याकडून शिवून घ्या. पॅकिंगला आपल्या नेहमीच्या प्लास्टिकच्या कॅरीबॅग वापरू नका, 2017 पासून तिथे बंदी आहे आणि दंड जबर आहे. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका, तिकडे सगळं एम-पेसा या मोबाइलवरून पैसे देण्याच्या सेवेवर चालतं, पासपोर्ट दाखवून सिम घ्यायचं.

पैशाची गडबड बहुतेक ट्रस्टींच्या लक्षातच येत नाही. दानपेटीतली रक्कम सरळ ट्रस्टच्या खात्यातून केनियाला पाठवली तर भारताबाहेर खर्च केलेल्या पैशावर इन्कम टॅक्सची सूट सहसा मिळत नाही, त्यासाठी आधी वेगळी मंजुरी लागते. सीएला आधी विचारा, ऑडिटच्या वेळी नाही.

कागदपत्रांत लोक अडकतात ते यलो फीवरच्या (पीतज्वराच्या) लसीच्या कार्डावर. केनियात शिरताना कदाचित कुणी विचारणारही नाही, पण परत येताना मुंबई विमानतळावर आपलंच सरकार कार्ड मागतं, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी हवी, ती सरकारमान्य केंद्रावरच मिळते आणि अपॉइंटमेंट पटकन भरतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढचे वडीलधारे, अंड्याची ॲलर्जी असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. व्हिसा 2024 पासून लागत नाही, ऑनलाइन ईटीए म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी काढायची, पण शिकवणार किंवा दवाखान्यात काम करणार असाल तर वेगळा पास लागतो का हे होस्ट मंडळीला तिकडच्या इमिग्रेशनमध्ये विचारायला सांगा.

मलेरियाला "आपल्याला काय नवीन" म्हणून हसू नका, सरोवराच्या पट्ट्यातला फाल्सिपेरम प्रकारचा मलेरिया जीवघेणा असतो. तो होऊ नये म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घरी परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, डॉक्सीसायक्लिन असेल तर चार आठवडे, आणि नंतर काही महिन्यांत कधीही ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी केनियाला जाऊन आलेय.